यमक आधी कानाला कळू द्या

प्रश्न : माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. बालवर्गातल्या ताईंनी यमक जुळणाऱ्या शब्दांचा सराव घरी घ्यायला सांगितला आहे. ‘शेवटचं अक्षर सारखं असलेला शब्द सांग’ असे मी त्याला समजावते. पण ‘कान’ला जुळणारा शब्द विचारला की तो ‘नाक’ म्हणतो. एकदा ‘घर’ला त्याने ‘मोर’ सांगितले. शेवटचे अक्षर सारखे असूनही ताईंनी ते चूक ठरवले, तेव्हा माझाही गोंधळ उडाला. म्हणून मी शब्दांच्या याद्या करून त्या रोज पाठ करून घेऊ लागले, तर आता वही दिसली की तो पळून जातो. त्याची मोठी बहीण त्याच्यापेक्षा लहान असताना स्वतःहून यमके जुळवायची. याला पुढे वाचन जड जाईल का? आणि हे नेमके शिकवायचे तरी कसे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाची दोन्ही उत्तरे तुम्ही जशीच्या तशी कळवलीत हे फार बरे झाले, कारण तो कुठे अडला आहे हे त्या दोन उत्तरांतूनच समजते. ‘कान’ला ‘नाक’ आणि ‘घर’ला ‘मोर’ ही दोन्ही उत्तरे चुकलेली असली तरी त्यांची कारणे अगदी वेगळी आहेत. पहिल्यात त्याने शब्दाच्या अर्थाचा माग काढला आहे. दुसऱ्यात त्याने तुम्ही सांगितलेला नियम तंतोतंत पाळला आहे, आणि तो नियमच अपुरा आहे.

आधी ‘नाक’ घेऊ. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी शब्द हा वस्तूपर्यंत पोहोचण्याचा मार्ग असतो. ‘कान’ हा शब्द कानावर पडताच त्याच्या डोळ्यांसमोर कान येतो, आणि कानाच्या शेजारी नाक असतेच. शिवाय आपण त्याला विचारतो ते ‘जुळणारा शब्द सांग’ असे. बालवर्गात तो पायमोज्याला पायमोजा जुळवतो, चित्रातल्या पक्ष्याला घरटे जुळवतो. तिथे जुळवणे म्हणजे एकमेकांशी नाते असलेल्या दोन वस्तू एकत्र आणणे. त्या सवयीने पाहिले तर कानाला नाक अगदी चोख जुळते. शब्दाचा अर्थ घटकाभर बाजूला ठेवून तो नुसता कसा वाजतो एवढेच ऐकणे ही त्याच्यासाठी नवी गोष्ट आहे, आणि यमकाच्या खेळातून त्याला नेमकी हीच गोष्ट शिकायची आहे. म्हणून सध्या ‘जुळणारा’ आणि ‘जोडी’ हे दोन्ही शब्द टाळावेत. ‘यमक’ हा शब्दही एवढ्यात नको. ‘याच्यासारखा वाजणारा’ किंवा ‘शेवटी सारखा वाजणारा’ असे म्हणावे आणि म्हणताना बोट आपल्या कानाकडे न्यावे, म्हणजे हे काम ऐकण्याचे आहे हे त्याला न सांगता समजते.

आता ‘घर’ आणि ‘मोर’. इथे ताईंचा निर्णय बरोबर होता. यमकात शेवटचे व्यंजन सारखे असून भागत नाही. त्याच्या आधीचा स्वरही सारखा लागतो. ‘मोर’ आणि ‘दोर’ या दोन शब्दांत सारखा आहे तो ‘ओर’ हा संपूर्ण तुकडा. ‘घर’मध्ये तो तुकडा नाही, तिथे ‘अर’ आहे. म्हणून ‘घर’ला ‘सर’, ‘वर’, ‘भर’ हे शब्द चालतात आणि ‘मोर’ला ‘दोर’, ‘चोर’, ‘थोर’ हे. आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्या माणसांना हे चटकन जाणवत नाही, याचे कारण आपल्या लिपीत आहे. देवनागरीत आपण ‘मोर’ लिहितो तेव्हा त्याचे तुकडे ‘मो’ आणि ‘र’ असे पडतात, म्हणजे स्वर आधीच्या व्यंजनाला चिकटतो. यमक ऐकताना मात्र तोच शब्द ‘म्’ आणि ‘ओर’ असा फोडावा लागतो, म्हणजे स्वर पुढच्या व्यंजनाबरोबर जातो. वर्षानुवर्षे वाचून आपल्या डोळ्यांना ‘मो-र’ची सवय झालेली असते, आणि म्हणूनच ‘शेवटचे अक्षर सारखे’ हा नियम मोठ्या माणसाला स्वाभाविक वाटतो. तुमच्या मुलाला अजून अक्षरे वाचता येत नसतील, तर त्याच्यापाशी आहे ते फक्त ऐकणे. अशा मुलाने ‘घर’ ऐकून त्यातला शेवटचा ‘र’ वेगळा काढला असेल आणि तोच ‘र’ ‘मोर’मध्ये शोधला असेल, तर त्याने यमकापेक्षाही बारीक काम केले आहे. ते अंदाजानेही आले असू शकते, पण मी त्याच्या जागी शाबासकीच दिली असती : ‘दोन्हींच्या शेवटी ‘र’ आहे, छान ऐकलंस. आता ‘मोर’सारखाच वाजणारा शोधू.’

तेव्हा पहिली गोष्ट ही, की याद्यांची वही बंद करावी. यादी पाठ करून मूल ‘कान, पान, मान, छान’ असे धडाधड म्हणू लागेल. पण त्याला ‘कान’ आणि ‘पान’ यांच्यात सारखे काय आहे हे ऐकू आले की नाही, याचा पत्ता त्यातून लागत नाही. यादीबाहेरचा एक शब्द विचारला की ते पुन्हा ‘नाक’वर येते. पाठांतराने आणखी एक नुकसान होते, जे तुमच्या घरी झालेच आहे : ज्या खेळात मुलाने आपणहून यायला हवे, त्यातून ते पळू लागते. आठ-दहा दिवस यमकाचे नावही काढू नये, आणि मग वहीशिवाय, बसून न घेता, अंघोळीच्या वेळी, कपडे घालताना, जिने चढताना, पाच-सात मिनिटे हा खेळ सुरू करावा.

सुरुवात नुसत्या ऐकण्याने करावी. मुलाकडून काहीही न मागता तुम्ही यमके जुळणाऱ्या ओळी म्हणाव्यात, त्याच त्या पुन्हा पुन्हा, आणि शेवटचा शब्द किंचित ठसक्याने उच्चारावा. बालगीते कोणतीही चालतील. चटकन रचलेल्या दोन ओळीसुद्धा चालतील. उदाहरणार्थ, ‘झोपाळ्याला लांब दोर, झोका घेतो ऐटीत मोर.’ काही दिवस हे त्याच्या कानावर पडू द्यावे. मग एके दिवशी शेवटचा शब्द अर्धाच म्हणून थांबावे : ‘झोका घेतो ऐटीत म्…’. तो ‘मोर’ म्हणेल. इथे त्याने यमक ओळखले असे मात्र समजू नये. त्याला ती ओळ पाठ झालेली असते. खरी परीक्षा पुढे आहे. तीच ओळ गंभीर चेहऱ्याने ‘झोका घेतो ऐटीत हत्ती’ अशी म्हणावी. मूल हसले, ‘नाही, मोर!’ असे ओरडले, की थोडे पुढे जावे आणि त्याने आधी कधीच न ऐकलेल्या ओळीत तोच प्रकार करावा : ‘आला आला एक ससा, उड्या मारतो पाहा फार’. तिथे जर त्याला काहीतरी खटकले, शब्द सुचो वा न सुचो, पण ओळ बिघडली आहे एवढे त्याला जाणवले, तर त्याच्या कानाने यमकाची अपेक्षा धरली होती असे खात्रीने म्हणता येते. ‘कसा’ हा शब्द त्याला त्याच वेळी सुचला तर उत्तम. नाही सुचला तर तुम्ही म्हणावा आणि पुढे जावे.

यानंतरची पायरी ओळखण्याची. दोन शब्द म्हणायचे आणि ते सारखे वाजतात का ते विचारायचे. या पायरीवर आईवडील आणि शिक्षक बहुधा घाई करतात, म्हणून याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. खेळाची सारी सोपी-अवघडता तुम्ही कोणते शब्द निवडता यावर ठरते. जुळणारी जोडी निवडणे सोपे असते; न जुळणारा शब्द कोणता घ्यायचा हे ठरवण्यात कस लागतो. पहिल्या आठवड्यात न जुळणारा शब्द अगदी दूरचा असावा, ज्याचा आवाजही वेगळा, लांबीही वेगळी आणि अर्थही वेगळा : ‘दोर’ आणि ‘मोर’ सारखे वाजतात का? ‘दोर’ आणि ‘खिडकी’ सारखे वाजतात का? हे न अडखळता जमू लागले की न जुळणारा शब्द लांबीने सारखा घ्यावा : ‘दोर’ आणि ‘पाय’. त्यानंतर शेवटचे व्यंजन सारखे पण स्वर वेगळा : ‘दोर’ आणि ‘तार’. आणि सर्वांत शेवटी, मूल चांगले रुळल्यावर, अर्थाने ओढून नेणारा शब्द घ्यावा : ‘कान’सारखे काय वाजते, ‘पान’ की ‘नाक’? तुमच्या मुलाला हा शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न अगदी पहिल्या दिवशी विचारला गेला, आणि तोही कोणताच पर्याय न देता.

हे करताना शब्द थोडे ताणून म्हणावेत, पण ताणायचा तो स्वर. ‘मो… र’ असे मधे तोडले तर यमकाचा तुकडाच मोडतो. ‘मोऽऽर, दोऽऽर, चोऽऽर’ असे म्हटले की ‘ओऽऽर’ हा भाग न तुटता कानात राहतो. त्यामुळे सुरुवातीला दीर्घ स्वराचे, दोन अक्षरांचे, जोडाक्षर नसलेले शब्द घ्यावेत : दार, तार, हार, चार, गोल, ढोल, बोल, खोल, पाय, गाय, काय, नाक, चाक, हाक. ‘घर’, ‘वर’, ‘सर’ यांतला ‘अ’ इतका ऱ्हस्व असतो की तो ताणायला हाती लागत नाही, म्हणून ते शब्द नंतर आणावेत. ‘फूल’ आणि ‘मूळ’, ‘पान’ आणि ‘बाण’, ‘नाक’ आणि ‘राख’ अशा अगदी जवळच्या आवाजांच्या जोड्या या वयात विचारूच नयेत. ल आणि ळ, न आणि ण, क आणि ख यांतला फरक मुलांच्या बोलण्यात उशिरा पक्का होतो, आणि अशा जोडीवर दिलेल्या उत्तराला चूक किंवा बरोबर ठरवण्यात काही हशील नसते.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते. पुष्कळ मुलांना पाच वर्षांपर्यंत ‘र’ नीट म्हणता येत नाही. ती ‘मोर’ला ‘मोल’ म्हणतात. असे मूल ‘दोर’ला ‘मोल’ सांगते तेव्हा त्याचे यमक चुकलेले नसते, फक्त जीभ वळलेली नसते. परीक्षा कानाची आहे, जिभेची नाही, हे लक्षात ठेवावे, आणि शंका आली तर चित्रे वापरावीत. दोर, मोर आणि खुर्ची यांची चित्रे समोर ठेवून ‘यातलं कोणतं वेगळं वाजतं?’ असे विचारले की मुलाला काही बोलावेच लागत नाही. ते बोट ठेवते. चित्रांचा दुसरा उपयोग असा, की तीन शब्द एकाच वेळी ध्यानात धरण्याचा भार कमी होतो. नुसते तोंडी तीन शब्द सांगितले तर पहिला शब्द विसरल्यामुळे चुकणारी मुले पुष्कळ असतात, आणि आपण मात्र त्यांना यमक कळत नाही असे समजतो. चित्रांची नावे आधी एकदा त्याच्याकडून वदवून घ्यावीत. नाहीतर तुम्ही ‘दोर’ म्हणून काढलेल्या चित्राला तो मनात ‘दोरी’ म्हणत असतो.

आपल्या भाषेत यमके शोधायला फार लांब जावे लागत नाही. गडबड, लगबग, धडपड, खटपट, किलबिल, चुळबुळ, लुडबुड, टंगळमंगळ, उलटसुलट या प्रत्येक शब्दाच्या पोटात एकेक यमक बसलेले आहे, आणि मुलाने हे शब्द जन्मापासून ऐकलेले आहेत. ‘किती चुळबुळ करतोस’ असे म्हटल्यावर क्षणभर थांबून ‘चुळ… बुळ… सारखं वाजतंय की!’ एवढेच म्हणावे. शिकवण्याचा आव न आणता दिवसातून एकदा असे झाले तरी पुरे. मात्र ‘गडगड’, ‘वळवळ’ यांसारखे शब्द वेगळे ठेवावेत, कारण तिथे तोच तुकडा दोनदा आला आहे. आणि मुलेही सुरुवातीला ‘मोर’ला जुळणारा शब्द म्हणून पुन्हा ‘मोर’च सांगतात, तेव्हा ‘शेवट सारखा, पण सुरुवात वेगळी’ हे त्यांना किलबिल आणि गडगड शेजारी ठेवून छान ऐकवता येते. आणखी एक सोय म्हणजे आपले ‘बि’ लावून बोलणे. वही-बिही, पुस्तक-बिस्तक, खुर्ची-बिर्ची असे आपण सहज म्हणतो. यात पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ येतो, म्हणजे त्यातला स्वरही बदलतो, त्यामुळे दरवेळी नेटके यमक होत नाही. ‘दोर-बिर’ जुळत नाही. पण ज्या शब्दाच्या सुरुवातीलाच इकार आहे तिथे ते बिनचूक जुळते : भिंत-बिंत, खिडकी-बिडकी, चित्र-बित्र. शब्दाचा आरंभ काढून तिथे दुसरे काही बसवता येते, ही गोष्ट मुलाला या बोलण्यातून आधीच अवगत असते, आणि यमक तयार करायला तीच लागते.

तयार करण्याची पायरी ओळखण्यानंतरची आहे, आणि दोहोंत काही महिन्यांचे अंतर पडू शकते. शब्द ओळखताना आवाज तुमच्याकडून आलेले असतात. शब्द तयार करताना मुलाला दिलेला शब्द फोडावा लागतो, शेवट धरून ठेवावा लागतो, नवा आरंभ शोधावा लागतो आणि दोन्ही जोडून म्हणावे लागते. हे सारे एका वेळी करायचे असते. म्हणून पर्याय न देता ‘कानाला यमक सांग’ असे विचारण्याऐवजी आरंभ तुम्ही पुरवावा : ‘मोर’ची सुरुवात ‘च’ने करू या, च्… तो म्हणेल ‘चोर’. मग द, मग थ. नंतर आरंभ त्याने निवडावा. इथे तो ‘टोर’, ‘झोर’, ‘लोर’ असे काहीही म्हणू लागला, तर कृपा करून ‘असा शब्दच नाही’ म्हणून अडवू नका. अर्थ नसलेला शब्द हा यमक समजल्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण असा शब्द कोणाकडून ऐकून पाठ झालेला असू शकत नाही. तो त्याने त्या क्षणी घडवलेला असतो. हसून त्याच्याबरोबर आणखी दोन घडवावेत. ‘यातले खरे शब्द कोणते?’ हा वेगळा खेळ आहे, आणि तो नंतर खेळता येतो.

मराठीत एक फसवी गोष्ट आहे, तिची कल्पना असलेली बरी. आपल्या क्रियापदांना आणि नामांना ठरावीक प्रत्यय लागतात, त्यामुळे ‘धावतो’ला ‘खेळतो’ असे उत्तर मुले सहज देतात. दोन्हींत ‘तो’ आहे, पण तो प्रत्ययापुरता. यमकाचा कान तयार झाल्यावर ‘पळतो’ला ‘वळतो’, ‘जातो’ला ‘गातो’ असे उत्तर येऊ लागते. तसेच ‘गाडी’ला ‘घोडी’ हे अर्धे यमक आहे आणि ‘साडी’, ‘वाडी’, ‘माडी’ हे पुरे. अर्ध्या यमकाला चूक म्हणू नये. ‘गाडी, घोडी… हो, शेवट सारखा आहे. गाडी, साडी आणखी सारखं वाजतं, ऐक’ असे म्हणून पुरे यमक त्याच्या कानावर घालावे. चूक दाखवण्यापेक्षा बरोबर ऐकवणे या वयात अधिक लागू पडते, असे माझे ठाम मत आहे.

आता वाचनाच्या काळजीबद्दल. यमकाचा वाचनाशी संबंध आहे, हे ताईंनी उगाच सांगितलेले नाही. १९८३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या विषयावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अजून वाचू न लागलेल्या, चार आणि पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना त्यांनी काही शब्द ऐकवून त्यांतला वेगळा वाजणारा ओळखायला सांगितला होता. ज्यांना हे चांगले जमले, ती मुले पुढच्या काही वर्षांत वाचन आणि शुद्धलेखन यांत सरस ठरली. त्यांनी याहून मोलाचे काम केले ते असे, की ज्यांना हे जमत नव्हते अशा ६५ मुलांना गटांत विभागले आणि दोन वर्षांत ४० वेळा त्यांच्याबरोबर चित्रांचे खेळ खेळले. एका गटाने चित्रे आवाजानुसार लावली, एकाने अर्थानुसार. एका गटाने आवाजानुसार लावताना प्लास्टिकची अक्षरेही हाताळली. आवाज आणि अक्षरे दोन्ही एकत्र शिकलेला गट वाचनात सर्वांत पुढे गेला. म्हणजे जमत नसलेले मूल शिकू शकते, आणि नुसत्या यमकावर न थांबता पुढे अक्षरांशी त्याची सांगड घालावी लागते, अशा दोन गोष्टी यातून तुमच्या उपयोगाच्या निघतात.

त्याच वेळी यमकाला अवाजवी महत्त्वही देऊ नये. नंतरच्या संशोधनात असे दिसले, की वाचनाच्या सुरुवातीला यमकापेक्षा एकेक ध्वनी वेगळा ऐकता येणे आणि अक्षरांची ओळख असणे अधिक मदतीचे ठरते. हे सारे मुख्यतः इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवरचे काम होते, हेही ध्यानात घ्यावे. आपल्यासारख्या अक्षरांच्या लिपीत चित्र थोडे निराळे असते. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकेक सुटा ध्वनी वेगळा ऐकण्याची क्षमता मुलांमध्ये सावकाश येते असे आढळले. कन्नडप्रमाणे देवनागरीतही एकेका चिन्हात व्यंजन आणि स्वर एकत्र बसलेले असतात, त्यामुळे शब्दाचे अक्षरांत तुकडे पाडता येणे आपल्या मुलांना फार उपयोगी पडते. ‘खि-ड-की’ म्हणत तीन टाळ्या वाजवणे, ‘खिडकी’तला ‘खि’ काढला तर काय उरते असे विचारणे, हे खेळ यमकाच्या बरोबरीने घ्यावेत. कित्येक मुलांना ते यमकाआधी जमतात, आणि तुमच्या मुलाला ते जमत असतील तर तुमची काळजी पुष्कळ कमी होईल.

अक्षरांची सांगड कशी घालायची, तेही सांगते, कारण तुमचा ‘शेवटचे अक्षर’ हा नियम इथे दुरुस्त होऊन उपयोगी पडतो. मुलाला काही अक्षरे ओळखू येऊ लागली आणि यमक कानाने कळू लागले, की जाड कागदाची तीन-चार कार्डे करावीत : मो, दो, चो आणि र. ‘र’चे कार्ड जागेवर ठेवून त्याच्याआधी एकेक कार्ड ठेवत जावे आणि शब्द म्हणावेत. लिहिताना म, द, च ही अक्षरे काळ्या रंगात आणि ओकाराची मात्रा व ‘र’ लाल रंगात काढावेत. म्हणजे कानाला जो ‘ओर’ एकसंध ऐकू येतो, तो कागदावर दोन अक्षरांत विभागलेला असूनही एकाच रंगामुळे एकत्र दिसतो. मग ‘घ’चे कार्ड करून तेही ‘र’च्या आधी ठेवावे. ‘घ’ला लाल मात्राच नाही, हे तो स्वतःच दाखवेल, आणि ‘घर’ व ‘मोर’ का जुळत नाहीत हे त्याला तुमच्या स्पष्टीकरणाविना समजेल.

बहिणीशी तुलना मनातून काढून टाकावी. मुलासमोर तर ती बोलूच नये. यमक ओळखण्याचे आणि तयार करण्याचे वय मुलामुलांत खूप मागेपुढे असते. काही मुले तिसऱ्या-चौथ्या वर्षी शब्द फिरवून फिरवून खेळतात, काहींना पाच पूर्ण झाल्यावर एकाएकी उमगते, आणि दोन्ही प्रकारची मुले पुढे उत्तम वाचतात. बहिणीचा मात्र उपयोग करून घ्यावा. तिला त्याची शिक्षिका करू नये. तिने तुमच्याबरोबर यमकांचा खेळ खेळावा आणि त्याने नुसते शेजारी बसून ऐकावे. मोठे मूल चुकीचा शब्द मुद्दाम सांगते तेव्हा धाकट्याला तो पकडण्यात जो आनंद होतो, तो आईच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात होत नाही.

बालवर्गातल्या ताईंना मोकळेपणाने सांगावे, की सध्या आम्ही फक्त ऐकण्याचे आणि ओळखण्याचे खेळ घेत आहोत, शब्द तयार करण्याचे नंतर घेऊ; आणि वर्गात त्याला प्रश्न विचारताना दोन शब्दांचा पर्याय द्यावा, अशी विनंती करावी. शिकवणाऱ्या बहुतेकींना अशी नेमकी माहिती हवीच असते.

मदत केव्हा घ्यावी याविषयी एवढेच सांगेन. नुसते यमक जमत नाही म्हणून पावणेपाचव्या वर्षी कोणाकडे धाव घेण्याची गरज नाही. मात्र त्याला वारंवार सर्दी होऊन कान दुखत असेल, हाक मारल्यावर तो पुष्कळदा वळत नसेल, टीव्हीचा आवाज मोठा लागत असेल, तर श्रवणाची तपासणी आधी करून घ्यावी, कारण ज्याला आवाज नीट पोहोचत नाहीत त्याच्याकडून आवाजांतला बारीक फरक ओळखण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तसेच तो उशिरा बोलू लागला असेल, बाहेरच्या माणसांना त्याचे बोलणे कळत नसेल, रंगांची आणि वारांची नावे महिनोन्‌महिने ऐकूनही त्याच्या ध्यानात राहत नसतील, किंवा घरातल्या जवळच्या कोणाला लहानपणी वाचायला फार त्रास झाला असेल, आणि अशा गोष्टींबरोबर वर सांगितलेले खेळ चार-पाच महिने खेळूनही ‘दोर’ आणि ‘खिडकी’ यांतला फरक त्याला ऐकू येत नसेल, तर वाचा-श्रवण तज्ज्ञांना दाखवावे. जाताना त्याने कोणत्या शब्दाला कोणते उत्तर दिले हे तुम्ही मला लिहिलेत तसेच कागदावर लिहून न्यावे. तपासणाऱ्याला त्या उत्तरांवरून पुष्कळ काही कळते.